अर्धा कोयता

१९ नोव्हेंबर ही तारीख जरा दाटीवाटीचीच आहे. झाशीच्या राणीची जयंती या दिवशी साजरी होते. तांब्यांची ही मनू जन्माने मराठी. इंदिरा गांधींचा जन्मही याच तारखेचा, १९१७ सालचा. १९९९ पासून हा आंतरराष्ट्रीय पुरुष दिनही झाला. त्रिनिदादमधल्या इतिहासाच्या एका प्राध्यापकाने आपल्या वडिलांच्या वाढदिवसाची तारीख त्यासाठी निवडली. पुढे २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी हाच दिवस जागतिक शौचालय दिन म्हणून मान्य केला. घोड्यावरची राणी, दिल्लीची पंतप्रधान, तमाम पुरुषवर्ग आणि शौचालय अशी ही पंगत कुणी ठरवून बसवलेली नाही. पण जमली आहे मोठी झकास.

यातला पुरुष दिन आपल्याकडे साजरा होतो तो बहुतेक मोबाइलवरच. बायको माहेरी गेल्याचा आनंद, लाटण्याचा मार, पाकिटावरचा डल्ला असे तेच ते विनोद सकाळी गटागटांतून फिरतात आणि संध्याकाळपर्यंत विरून जातात. ८ मार्चला ‘मग पुरुषांचा दिवस कधी?’ असे तावातावाने विचारणाऱ्यांपैकी फार थोड्यांना आजची तारीख आठवते. आठवली, तरी बोलायचे काय हे ठरलेले नसते. मग उरतो तो जुना वाद: जास्त सोसावे लागते कुणाला, बाईला की पुरुषाला? शाळा-कॉलेजांच्या वादविवाद स्पर्धांत पूर्वी ‘स्त्री श्रेष्ठ की पुरुष’ हा विषय हटकून असे. आता श्रेष्ठत्वाची जागा सोसण्याने घेतली आहे, एवढाच फरक. दोन्हीकडचे वक्ते आकड्यांची चळत घेऊन उभे राहतात, टाळ्या वाटून घेतात आणि शेवटी परीक्षक संसाररथाची दोन चाके काढून सगळ्यांना घरी पाठवतात. आम्हाला त्या रथाचा कंटाळा आला आहे.

तुलना करूच नये असे मात्र नाही. मराठीत ही तुलना सर्वांत धारदारपणे केली ती बुलढाण्याच्या एका बाईने, आणि तीही १८८२ साली. ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे छोटे पुस्तक पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापले गेले. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. वडील बापूजी हरी शिंदे सत्यशोधक विचारांचे, सरकारी कचेरीत नोकरीला. पुस्तकाला निमित्त झाले सुरतेच्या एका खटल्याचे. विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला आपले नवजात मूल मारल्याबद्दल १८८१ मध्ये फाशी सुनावली गेली. अपिलात फाशीची काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि नंतर तीही कमी करण्यात आली. पण तोवर वर्तमानपत्रांना विषय मिळाला होता, आणि ‘पुणे वैभव’सारख्या पत्राने त्या निमित्ताने समस्त स्त्रीजातीच्या चारित्र्याचे वाभाडे काढले. खटला बाईवर चालला, उपदेश बायकांना झाला. ते मूल तिला एकटीला झालेले नव्हते, ही साधी गोष्ट त्या गदारोळात बाजूला पडली.

ताराबाईंनी काय केले, ते आजच्या वादपटूंनी ध्यानात घ्यावे. बायका जास्त दुःखी, एवढेच सांगत त्या बसल्या नाहीत. कपट, साहस, मूर्खपणा असे जे जे दोष बायकांच्या माथी मारले जात होते ते एकेक करून त्यांनी पुरुषांच्या अंगावर घालून पाहिले आणि विचारले, की हे अंगरखे तुम्हालाच जास्त नेटके बसत नाहीत का? बायको मेली की पुरुष दुसरी करतो, नवरा मेला की बाईने केस उतरवून कोपऱ्यात बसायचे, हा न्याय लिहिला कुणी, असा त्यांचा रोख होता. तराजूत काय घातले आहे याच्याआधी तराजू कुणाच्या हातात आहे, हे त्यांनी पाहिले. पुस्तकावर टीकेचे मोहोळ उठले. सत्यशोधकांतल्या काहींनाही ते रुचले नाही, आणि १८८५ मध्ये ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात जोतीराव फुल्यांना त्यांची बाजू घ्यावी लागली. ताराबाईंचे यापुढचे लेखन उपलब्ध नाही. पुस्तक विस्मृतीत गेले ते १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रकाशात आणेपर्यंत. मधली नव्वदाहून अधिक वर्षे मराठी वाचकाला आपल्या भाषेत असा जाळ होता याची गंधवार्ता नव्हती.

पुरुष दिनाच्या लेखात ताराबाईंनाच मध्यभागी बसवले, अशी तक्रार कुणी करील. रास्त आहे. तेव्हा आता पुरुषांकडे वळू आणि विनोद बाजूला ठेवू.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. त्यातले सुमारे ७२ टक्के पुरुष. राज्यांत पहिला क्रमांक महाराष्ट्राचा, २२,७४६. रस्त्यावरच्या अपघातांत त्याच वर्षी १ लाख ६८ हजारांवर माणसे गेली, त्यांत दहापैकी आठांहून अधिक पुरुष. गटारात उतरून गुदमरणारे जवळपास सगळेच पुरुष. बांबूच्या परांचीवरून खाली येणारे बहुतांश पुरुष. घरात मात्र ‘पुरुषासारखा पुरुष असून रडतोस काय’ या एका वाक्यावर पिढ्यान् पिढ्या वाढवल्या गेल्या. कर्ज झाले, नोकरी गेली, दुकान बसले, तर बायकोला न सांगणे हाच पुरुषार्थ, अशी समजूत करून घेतलेली माणसे प्रत्येकाच्या ओळखीत असतील. पुरुष दिनाचे विनोद खुपतात ते म्हणूनच. बोलायला मिळालेला एकुलता एक दिवसही आपण ज्या मस्करीत घालवतो, तीच मस्करी एरवी तोंड बंद ठेवायला वापरली जाते.

कायद्यातही खड्डे आहेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. जुन्या दंडसंहितेतले कलम ३७७ तिच्यात नाही. त्याबरोबर प्रौढ पुरुषावर होणाऱ्या लैंगिक बळजबरीसाठी जे थोडे आडोशाचे कलम होते तेही गेले. याबद्दल पुरुष हक्कवाल्यांनी मोर्चे काढायला हवे होते. ते रमले ४९८-अ मध्ये. नवऱ्याच्या आणि सासरच्यांच्या छळाविरुद्धचे हे कलम जुन्या दंडसंहितेत १९८३ मध्ये आले. त्याचा गैरवापर होतो हे खरे आहे, आणि तक्रार आली म्हणून सरसकट अटक करू नका असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच बजावले आहे. डिसेंबर २०२४ मध्ये बंगळुरूत एका तरुण अभियंत्याने आत्महत्या केली, तेव्हा देशभर जो संताप उसळला त्यामागे अशा अनेक घरांची न बोललेली कहाणी होती. खोट्या तक्रारीत म्हातारे आईबाप पोलीस ठाण्याच्या बाकावर बसवले जातात, तेव्हा तो अन्यायच असतो. बायकांवरचा अन्याय मोठा आहे म्हणून तो लहान होत नाही. आणि तरी दुसरे पानही वाचावे लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत लग्न झालेल्या शंभरातल्या सुमारे २९ बायकांनी नवऱ्याकडून मारहाण किंवा बळजबरी झाल्याचे सांगितले. हिंसा सोसलेल्यांपैकी बहुतेकींनी कुणाकडे मदत मागितली नव्हती, पोलीस तर लांबच. तक्रारींच्या गठ्ठ्यातल्या खोट्या किती हे मोजायला आपण बसतो. गठ्ठ्यात कधी आल्याच नाहीत त्या कुणी मोजायच्या?

इथवर वाद स्पर्धेसारखाच चालला आहे, एक आकडा इकडे, एक तिकडे. पण आत्महत्यांचा तोच तक्ता जरा खाली वाचत गेले की गंमत (हा शब्द वापरवत नाही, पण दुसरा सुचत नाही) लक्षात येते. आत्महत्या केलेल्या ४८ हजारांवर बायकांपैकी २५,३०९ जणींचा व्यवसाय ‘गृहिणी’ असा लिहिला आहे. निम्म्याहून अधिक. आणि शेतकऱ्यांच्या रकान्यात ५,२०७ जण. त्यात पुरुष ४,९९९ आणि बायका २०८. विदर्भ-मराठवाड्यातली कुठलीही वाट धरा. पेरणी, निंदणी, खुरपणी, कापूसवेचणी करताना बायकाच दिसतील. मग शेतकरी म्हणून मरणाऱ्यांत त्या दोनशेआठच कशा? कारण शेतकरी कोण हे कागद पाहून ठरते. सातबाऱ्यावर नाव नवऱ्याचे, सासऱ्याचे, दिराचे. ती रानात राबली तरी तिची नोंद गृहिणी किंवा फार तर मजूर.

सातबाऱ्यावर नाव त्याचे, म्हणून सोसायटीचे कर्ज त्याच्या नावावर. सावकार येतो तो त्याच्या दारात, पंचायतीपुढे मान खाली जाते ती त्याची, आणि एका रात्री औषधाचा डबा उघडतो तोही तोच. ज्या कागदाने त्याला धनी केले त्याच कागदाने त्याचा गळा आवळला. आणि त्याच कागदाने तिला आयुष्यभर कुणीच होऊ दिले नाही. तो गेला की मात्र हिशेब तिच्याकडे येतो. प्रकरण ‘पात्र’ ठरले तर सरकारची एक लाखाची मदत. ‘अपात्र’ ठरले तर तेही नाही. जमीन नावावर व्हायला तलाठ्याकडे हेलपाटे, दिराची मर्जी, मुलांची शाळा, आणि वर हळदीकुंकवाला न बोलावणारा गाव. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये विधवांच्या बांगड्या फोडण्याच्या, कुंकू पुसण्याच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने त्याच महिन्यात इतर गावांनी तो कित्ता गिरवावा असे परिपत्रक काढले. ताराबाईंच्या पुस्तकाला तेव्हा १४० वर्षे झाली होती.

या एका घरात जास्त नुकसान कुणाचे झाले? जो मेला त्याचे की जी उरली तिचे? वादविवाद स्पर्धेत याला पाच मिनिटे देतात आणि घंटा वाजवतात. आम्हाला विचाराल तर हा प्रश्न त्या घराच्या उंबऱ्यावर उभे राहून विचारण्याची कुणाची छाती होणार नाही. शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांनी मात्र उपाय कुठे करायचा ते अचूक ओळखले होते. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन झाले, आणि पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’च्या मोहिमेत शेतकऱ्यांनी स्वतःहून जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करून द्यायला सुरुवात केली. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध हक्क दिला, केंद्राने २००५ मध्ये. कायदा झाला, तरी भाऊबीजेच्या ओवाळणीत हक्कसोडपत्रावर सही करून देणाऱ्या बहिणी कमी झाल्या, असे आमच्या पाहण्यात नाही.

दुसरे उदाहरण डिसेंबर २०२२ चे, सोलापूरचे. मुंडावळ्या बांधून, घोड्यांवर बसून, बँड लावून तरुणांची वरात जिल्हाधिकारी कार्यालयावर गेली. मागणी होती: लग्नाला मुली मिळत नाहीत, सरकारने काही करावे. वर्तमानपत्रांनी हसत हसत छायाचित्रे छापली. हसण्यासारखे त्यात फार नव्हते. पस्तिशीला आलेला, दोन एकर कोरडवाहू सांभाळणारा, प्रत्येक सोयरिकीत ‘नोकरी आहे का’ या प्रश्नाला अडणारा मुलगा गावोगाव आहे. त्याचे एकटेपण खरे आहे. पण हे मुलगे जन्मले त्या काळात काय चालले होते? गर्भलिंगचाचणीविरुद्ध कायदा करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य, १९८८ साली. केंद्राचा कायदा आला १९९४ मध्ये. आणि तरी सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे मुली २००१ च्या जनगणनेत ९१३ होत्या त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. बीड जिल्ह्यात ८०७. वरातीतल्या नवरदेवांची नवरी जन्मायच्या आधीच नाकारली गेली होती, आणि नाकारताना हेतू त्यांच्याच भल्याचा होता: पोरगा हवा. मुलीच्या गैरसोयीतून मुलाची गैरसोय जन्माला आली. त्यांना तराजूच्या दोन पारड्यांत घालणे म्हणजे आजार एका पारड्यात आणि ताप दुसऱ्यात घालून वजन करणे.

आता आम्ही पंचाची भूमिका टाळतो आहोत असे वाटू नये, म्हणून स्पष्ट बोलतो. वजन करायचेच झाले, तर आजही बाईचे पारडे जड आहे. पुरुषाच्या वाट्याला येणाऱ्या बहुतेक जाचांना एक पदवी चिकटलेली असते: कर्ता, कारभारी, घरधनी. पदवी जड होते, माणूस तिच्याखाली चिरडतोही. पण ती खाली ठेवण्याचा, निदान वाटून घेण्याचा पर्याय त्याच्या हाती थोडाफार असतो. बाईच्या जाचाला पदवी नाही, आणि बहुतेक वेळा नावही नाही. २०२४ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईची रोज सरासरी २८९ मिनिटे त्यात जातात असे आढळले. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाची ८८. आणि हात लावणारे पुरुष मुळात शंभरात सत्तावीस. या पावणेपाच तासांना कुठल्या रकान्यात लिहायचे ते अजून ठरलेले नाही. मुंबईत २०११ च्या सुमारास ‘राइट टू पी’ची चळवळ उभी राहिली ती याच कारणाने, की सार्वजनिक मुतारीत पुरुषाला फुकट आणि बाईला पैसे. ज्याने तो दर ठरवला त्याला बायकांचा द्वेष होता असे मुळीच नाही. बाई घराबाहेर इतका वेळ असेल हे त्याच्या ध्यानातच आले नाही. पुष्कळसा अन्याय असाच, ध्यानात न आल्याने होतो, आणि त्याच्याशी भांडणे सर्वांत अवघड.

पण आमच्या मनातला खरा पुरुष दिन आणि खरा शौचालय दिन तिसरीकडेच आहे. राज्याचा गळीत हंगाम साधारण याच सुमाराला सुरू होतो. बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी भागांतून ट्रॅक्टर-ट्रॉल्या भरभरून ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. या धंद्यात माणसे मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. आगाऊ उचल कोयत्यावर मिळते, मजुरी टनामागे कोयत्याच्या हिशेबाने. अर्ध्याला उचल कमी, म्हणून सतराअठराच्या पोराचे लग्न उरकतात आणि त्याच्याहून लहान पोरीचेही. दोघांचे बालपण एकाच मांडवात संपते. फडात तो तोडतो, ती पाचट काढते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन गाडीकडे चालते. रात्री गाडी आली की भरायला त्याने उठायचे, मग ती बारा असो की तीन. पहाटे भाकऱ्या थापायला तिने. त्याची कंबर चाळिशीत जाते. आणि तिची पिशवी तिशीत.

पिशवी म्हणजे गर्भाशय. बीडकडे हाच शब्द आहे. सरकारने २०१९ मध्ये नेमलेल्या समितीपुढे जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांच्या पाहणीचे आकडे आले. त्यांतल्या १३ हजारांवर बायकांनी पिशवी काढलेली होती. कारणे एकात एक गुंतलेली. फडात पाणी नाही, संडास नाही, पाळीत कपडा बदलायला आडोसा नाही. त्यातून अंगावर जाणे, पोटदुखी. दुखले म्हणून एक दिवस बसले तर खाडा. खाड्याचा दंड दोघांच्या उचलीतून कापायचा. खासगी डॉक्टर सांगतो, काढून टाका, कटकट मिटेल. तो निर्णय बहुतेकदा तिने एकटीने घेतलेला नसतो, त्याने एकट्यानेही नाही. दोघांनी बसून, फिटायच्या उचलीचा हिशेब करून घेतलेला असतो. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचे दर ३४ टक्क्यांनी वाढवायचे ठरले, ही चांगलीच गोष्ट झाली. दर टनाचा वाढला. टनाचे पैसे आजही कोयत्याला मिळतात, आणि मुकादमाच्या वहीत कोयत्याचे नाव म्हणजे नवऱ्याचे नाव.

या आठवड्यात अशा कितीतरी ट्रॉल्या रस्त्यावर असतील. वर गाठोडी, चूल, कोंबड्यांची पाटी, शाळा अर्धी सोडलेली पोरे. नवरा पुढे, एका हाताने दोर धरून उभा. उचलीतले निम्मे पैसे मागच्या हंगामाच्या बाकीत गेलेले, उरलेले किती टनांत फिटतील याची तो मनात जुळवाजुळव करतो आहे आणि हे तो बायकोला सांगणार नाही. ती मागे, गाठोड्यांच्या आधाराने. तिने सकाळपासून पाणी घेतलेले नाही. गाडी थांबते तेव्हा पुरुष उतरून रस्त्याच्या कडेला जाऊन येतात. ती खाली बघते, वर बघते, आणि अंधार पडायला अजून किती वेळ आहे याचा अंदाज घेते.